'ऐकायला बरोबर वाटतंय की!' : प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजी व्याकरणाचे चकवे

बारावीला इंग्रजीत चांगले गुण मिळवलेली मुलं प्रवेश परीक्षेच्या पहिल्याच मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, व्याकरणात अडखळतात आणि घरच्यांना नवल वाटतं. खरं तर नवल वाटण्यासारखं काही नाही. बोर्डाच्या पेपरात कोणता नियम लावायचा ते प्रश्नच सांगून टाकतो: पॅसिव्ह करा, इनडायरेक्ट करा, 'अनलेस' वापरून लिहा. प्रवेश परीक्षेत ते कोणी सांगत नाही. समोर एक साधंसरळ वाक्य असतं, खाली चार ऑप्शन, आणि त्यातले दोन तरी 'ऐकायला बरोबर वाटतंय की!' अशा जातीचे.

घरात इंग्रजी बोललं जातं त्या मुलाने कानावर थोडा भरवसा ठेवला तर चालतं. आमच्या कोल्हापूरकडच्या, म्हणजे कसबा बावड्यातल्या, कागलच्या, गडहिंग्लजच्या मुलाचा कान मराठीवर तयार झालेला असतो, त्यामुळे मराठीत जे बरोबर तेच तो इंग्रजीत बरोबर धरतो. 'इंग्रजीत विचार करा' हा क्लासमध्ये सर्रास दिला जाणारा सल्ला मला फारसा कामाचा वाटत नाही. परीक्षेला तीन-चार महिने उरले असताना कोणी इंग्रजीत विचार करायला लागत नसतो. त्यापेक्षा मराठी कुठे अचूक उत्तर देते आणि कुठे ठामपणे फसवते, हे ओळखायला शिकलेलं बरं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. स्पेलिंगमध्ये न अडकता रचनेकडे लक्ष जाईल.

पहिली पायरी : आपली परीक्षा कोणती ते नीट बघा

एमएचटी-सीईटी, जेईई, नीट यांत इंग्रजीचा विभागच नाही. तेवढ्याच परीक्षा देणाऱ्यांनी हा लेख इथेच मिटला तरी चालेल. बाकीच्यांसाठी चार मुख्य वाटा आहेत.

राज्याच्या सीईटी सेलची बीबीए, बीसीए, बीएमएसची परीक्षा २०२४ पासून सुरू झाली (पुढे नुसतं 'सीईटी' म्हटलं की हीच). १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यात इंग्रजीचे ४० प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या सीयूईटीत २०२५ पासून इंग्रजीचे ५० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात, बरोबरला ५ गुण, चुकीला १ गुण वजा. तिथे उतारे, शब्दसंग्रह आणि वाक्याचे तुकडे जुळवणं यांवर भर असतो, सुटं व्याकरण कमी. पण तुकडे जुळवायलाही पुढच्या पायऱ्या लागतातच.

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. ६०० गुणांच्या जनरल ॲबिलिटी पेपरात २०० गुण इंग्रजीचे असतात. प्रश्नाला ४ गुण, चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा. 'एरर स्पॉटिंग', म्हणजे वाक्याच्या कोणत्या भागात चूक आहे ते ओळखा, हा प्रकार तिथे हमखास भेटतो. परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या एसएटीमध्ये 'रीडिंग अँड रायटिंग' विभागात ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, दोन भाग. त्यातले ११ ते १५ प्रश्न निव्वळ व्याकरण आणि विरामचिन्हांचे. चुकीला वजाबाकी नाही, मात्र पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा भाग सोपा की अवघड हे ठरतं.

या गोष्टी बदलू शकतात, म्हणून फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून प्रश्नसंख्या आणि गुणांचा तक्ता स्वतः वाचा. मित्राने सांगितलेला पॅटर्न बहुधा त्याच्या दादाच्या वर्षाचा असतो.

दुसरी पायरी : क्रियापद धरा, मग कर्ता शोधा

वाक्य वाचलं की लगेच ऑप्शनकडे धावू नका. आधी मुख्य क्रियापदावर बोट ठेवा आणि शाळेत मराठीच्या तासाला विचारायचो तसं विचारा: कोण? काय? येणारं उत्तर म्हणजे कर्ता. व्याकरणाचे निम्मे चकवे कर्ता आणि क्रियापद यांच्यात गर्दी घालून तयार केलेले असतात.

'द प्राइस ऑफ द चप्पल्स सोल्ड इन दीज शॉप्स हॅव गॉन अप.' ऐकायला बरोबर, कारण क्रियापदाला लागून 'शॉप्स' आहे. पण काय वाढलं? दुकानं नाही, चपला नाही. किंमत. म्हणून 'हॅज'. मराठीत करून बघा: 'या दुकानांत विकल्या जाणाऱ्या चपलांची किंमत वाढली आहे.' इथे 'वाढल्या आहेत' असं कोणाच्याही तोंडून निघणार नाही. मराठीने उत्तर बरोबर दिलं.

अशी मदत अनेक ठिकाणी मिळते. 'द कोच, अलाँग विथ हिज रेसलर्स, इज वेटिंग.' इथे 'आर' हवं असं वाटतं. मराठीत मात्र 'राजू मित्रांसह आला' असंच म्हणतो, 'आले' नाही. 'ॲज वेल ॲज', 'टुगेदर विथ', 'इन ॲडिशन टू' या सगळ्यांना हाच न्याय. त्यांच्या मागून कितीही माणसं आली तरी क्रियापद पहिल्याचं. 'वन ऑफ द रेसलर्स हॅज वन' हेही तसंच: 'पैलवानांपैकी एक जिंकला'. 'ऑफ'नंतर अनेकवचन, क्रियापद एकवचनी, मराठीतही आणि इंग्रजीतही.

याच रचनेचं अवघड रूप एनडीएत आणि एसएटीत दोन्हीकडे येऊ शकतं: 'शी इज वन ऑफ दोज गर्ल्स हू वर्क हार्ड.' 'वर्क' की 'वर्क्स'? भलेभले अडतात. मराठीत म्हणा: 'कष्ट करणाऱ्या मुलींपैकी ती एक.' 'करणाऱ्या' हा शब्द मुलींचा आहे, तिचा नाही. म्हणून 'वर्क'. हा प्रश्न मराठी माध्यमाच्या मुलाला खरं तर जास्त सोपा जायला हवा.

'फिफ्टी किलोमीटर्स इज नॉट अ लाँग डिस्टन्स' हेही पटकन सुटतं. कोल्हापूर-सांगली साधारण पन्नास किलोमीटर, आणि आपण 'पन्नास किलोमीटर हे काही फार अंतर नाही' असंच म्हणतो. किलोमीटर पन्नास असले तरी अंतर एकच आहे.

आता जिथे मराठी फसवते ते बघू. पहिलं कारण आदरार्थी बहुवचन. 'प्राचार्य आले आहेत', 'सर म्हणाले' ही सवय इतकी मुरलेली असते की 'अवर प्रिन्सिपल हॅव कम' हे वाक्य डोळ्याखालून बिनबोभाट निघून जातं. इंग्रजीत क्रियापदाला मान देत नाहीत. प्राचार्य असोत की राष्ट्रपती, 'हॅज'.

दुसरं कारण खोल आहे. भूतकाळात मराठी क्रियापद बऱ्याचदा कर्त्याकडे बघतच नाही: रामने आंबा खाल्ला, रामने चिंच खाल्ली, रामने बोरं खाल्ली. आंबा, चिंच, बोरं यांप्रमाणे क्रियापद बदललं, राम होता तिथेच. शेजारच्या नामाप्रमाणे क्रियापद वळवायची ही सवय इंग्रजीत घात करते. क्रियापदाच्या जवळ कोण आहे हे इंग्रजीत जवळजवळ कधीच महत्त्वाचं नसतं.

'जवळजवळ' म्हणायचं कारण एक अपवाद आहे. 'नीदर... नॉर', 'आयदर... ऑर' आणि 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या जोड्यांत क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं. 'नीदर द कोच नॉर द रेसलर्स वेअर रेडी.' क्रम उलटा केला तर 'वॉज'. सीईटीसारख्या परीक्षेसाठी हा नियम तोंडपाठ असलेला बरा.

कर्ता क्रियापदामागे लपवणं ही आणखी एक युक्ती. 'ॲट द एंड ऑफ द लेन स्टँड टू ओल्ड हाउसेस.' काय उभं आहे? दोन घरं, म्हणून 'स्टँड'. 'देअर इज' आणि 'देअर आर'मध्येही कर्ता पुढे असतो. शेवटी 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' म्हणजे बरेच विद्यार्थी, आणि 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. कर्ता कोण ते मराठीतच कळलं.

तिसरी पायरी : मराठीतून येणाऱ्या चुकांची यादी स्वतःजवळ ठेवा

या पायरीवर घाई करू नका. आपल्याकडच्या मुलांचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात.

जोड्यांपासून सुरू करा. मराठीत 'जरी' आलं की 'तरी' आलंच पाहिजे, 'जेव्हा'ला 'तेव्हा', 'जर'ला 'तर'. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच शब्द लागतो. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द मॅच कंटिन्यूड' हे चूक, 'बट' उडवा. 'बिकॉज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम' हेही चूक, 'सो' उडवा. 'ऑल्दो'नंतर 'येट' मात्र जुन्या पुस्तकांत दिसतं आणि काही परीक्षा ते चालवून घेतात. म्हणून ऑप्शनमध्ये 'बट' आणि 'येट' दोन्ही असतील, तर 'येट'ला आधी हात लावू नका, 'बट'ला बाद करा.

मग 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब'. मराठीत 'नाही' हवंच. इंग्रजीत 'अनटिल'मध्ये ते आधीच आहे: 'वेट अनटिल ही कम्स.' 'अनटिल ही डज नॉट कम' हा चुकीचा ऑप्शन शंभरदा समोर येईल. 'अनलेस'चंही तेच: 'अनलेस यू डोन्ट स्टडी' म्हणजे नकार दोनदा झाला.

'पासून' हा तिसरा दगा. '२०२० पासून' आणि 'दोन वर्षांपासून' या दोन्हींत मराठी एकच शब्द वापरते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', मोजलेला काळ असेल तर 'फॉर'. शिवाय मराठीत 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' असा साधा वर्तमानकाळ चालतो, त्यातून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' असं दोन चुकांचं वाक्य तयार होतं. हवं ते 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. अशा प्रश्नात अनेकदा एकच चूक सुधारलेले ऑप्शन असतात. 'सिन्स'चं 'फॉर' झालेलं दिसलं की मुलं खूश होऊन टिक करतात, 'ॲम' तसाच राहतो.

काळाच्या बाबतीत मराठी अर्धी मदत करते. 'आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेस गेली होती.' दोन घटना, आधीची 'गेली होती', म्हणून 'हॅड लेफ्ट'. अगदी बरोबर. पण आपण 'काल मी पुण्याला गेलो होतो' असंही म्हणतो, आणि तिथे दुसरी घटनाच नसते. 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' हे इंग्रजीत चूक, फक्त 'आय वेंट'. 'होतो' ऐकू आलं की आधी विचारा: याच्यानंतर घडलेलं दुसरं काही वाक्यात आहे का? नसेल तर 'हॅड' नको.

'तो म्हणाला की तो आजारी आहे.' मराठीत 'आहे' तसंच राहतं. इंग्रजीत 'ही सेड दॅट ही वॉज इल'. त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळ टिकतो, पण परीक्षेत पृथ्वी सूर्याभोवती फिरणारं वाक्य सोडलं तर हा अपवाद फारसा भेटत नाही.

'पाऊस पडला तर' याचं इंग्रजी 'इफ इट रेन्स'. 'इफ इट विल रेन' नाही. आणि जे घडलेलंच नाही त्यासाठी 'इफ आय वेअर', 'इफ ही हॅड कम, ही वुड हॅव वन'. एकाच वाक्यात दोनदा 'वुड हॅव' दिसलं की 'इफ'च्या बाजूचं 'वुड हॅव' चूक, डोळे मिटून.

मग येतात शब्दयोगी अव्ययं. नियम इथे कमी आणि पाठांतर जास्त, म्हणून थोडक्यात सांगतो. मराठीत विषयावर चर्चा होते, पण इंग्रजीत 'डिस्कस'नंतर 'ऑन' किंवा 'अबाउट' येत नाही. वर्गात शिरताना 'एंटर'ला 'इंटू' नको. लग्न तिच्याशी झालं तरी 'मॅरिड टू'. 'पेक्षा' आला म्हणून 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'प्रिफर' यांच्यापुढे 'दॅन' लावू नका, तिथे 'टू'. 'त्याने मला सांगितलं' यातल्या 'ला'मुळे 'टोल्ड टू मी' होतं, ते फक्त 'टोल्ड मी'. 'लुकिंग फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नाही, 'मीटिंग'. ही दहा-पंधरा वाक्यं रोज एकदा मोठ्याने म्हणा, आठवड्यात कान वळतो.

वचनाचेही काही जुने सापळे आहेत. मराठीत केस काळे असतात, म्हणून 'माय हेअर्स आर'. पण ते 'माय हेअर इज ब्लॅक'. मराठीत बातम्या अनेक, इंग्रजीत 'न्यूज इज'. उलट कात्री, चष्मा, पँट आपल्याकडे एकेक आणि त्यांच्याकडे सगळे अनेकवचनी: 'सिझर्स आर', 'स्पेक्टकल्स आर'. 'ॲडव्हाइस'चं अनेकवचन होत नाही, आपले सल्ले कितीही असले तरी. 'माहिती' मात्र दोन्ही भाषांत एकच राहते, तिथे निश्चिंत.

आणि 'ना?'. 'तू येणार ना', 'त्याने केलं ना', 'चला जाऊ ना': सगळीकडे एकच शेपूट. इंग्रजीत दरवेळी वेगळं. 'लेट अस गो, शॅल वी?', 'आय ॲम लेट, आरन्ट आय?', 'ही हार्डली कम्स, डज ही?' शेवटच्या वाक्यात 'नॉट' कुठे दिसत नाही, पण 'हार्डली' नकारार्थी आहे, म्हणून शेपूट होकारार्थी. 'सेल्डम', 'स्कार्सली', 'फ्यू', 'लिटल' हेही त्याच घरातले.

चौथी पायरी : स्वल्पविरामानंतर कोण उभं आहे?

'घरी जाताना पाऊस आला.' मराठीत यात काही खटकत नाही. घरी कोण जात होतं हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत 'गोइंग होम, द रेन केम' म्हटलं की पाऊसच घरी निघाला असा अर्थ होतो. नियम इतकाच: वाक्याच्या सुरुवातीला क्रिया सांगणारा तुकडा आणि मग स्वल्पविराम असेल, तर स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामाने ती क्रिया केलेली असली पाहिजे. 'वॉकिंग अलाँग रंकाळा, द सनसेट लुक्ड ब्यूटिफुल' हे चूक, कारण सूर्यास्त रंकाळ्यावर फिरायला येत नाही. 'वॉकिंग अलाँग रंकाळा, वी वॉच्ड द सनसेट' हे बरोबर. एसएटीत हा प्रश्न आला की चारही ऑप्शनचा फक्त पहिला शब्दगट वाचा. बहुतेक वेळा एकाच ऑप्शनमध्ये योग्य माणूस उभा असतो आणि बाकी लांबलचक मजकूर वाचावाच लागत नाही.

तुलनेतही मराठी सैल आहे. 'पुण्याची लोकसंख्या कोल्हापूरपेक्षा जास्त' हे आपल्याला चालतं. इंग्रजीत लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच व्हायला हवी: 'द पॉप्युलेशन ऑफ पुणे इज लार्जर दॅन दॅट ऑफ कोल्हापूर.' 'दॅट ऑफ' किंवा अनेकवचनात 'दोज ऑफ' असलेला ऑप्शन दिसला की थांबून बघा, बरेचदा उत्तर तिथे असतं. तसंच 'तो वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच' म्हणताना तो स्वतःही वर्गात आहे, म्हणून 'एनी अदर बॉय', नुसतं 'एनी बॉय' नाही.

यादीतल्या गोष्टी एका साच्यात हव्यात हे मराठीतही खरं आहे. 'त्याला पोहणं, धावणं आणि कुस्ती खेळायला आवडतं' हे आपल्यालाही खटकतं. त्या खटकण्यावर विश्वास ठेवा.

पाचवी पायरी : विरामचिन्हं, मुख्यतः एसएटीवाल्यांसाठी

भारतीय परीक्षांत यावर क्वचित विचारतात. एसएटीत मात्र हेच भांडवल आहे, आणि आपल्या शाळांत हे फारसं शिकवलं जात नाही.

'पैलवान पहाटे उठतात, तालमीत जातात, जोर मारतात.' मराठीत तीन क्रियापदं स्वल्पविरामांनी सहज जोडली. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. 'द रेसलर्स वेक ॲट डॉन, दे गो टू द पिट' चूक. तीन दुरुस्त्या शक्य: पूर्णविराम, अर्धविराम, किंवा स्वल्पविरामासह 'अँड', 'बट', 'सो' यांपैकी एक. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' हे मात्र जोडणारे शब्द नाहीत. दोन वाक्यांच्या मध्ये ते आले तर त्यांच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम आणि नंतर स्वल्पविराम लागतो.

म्हणून रिकाम्या जागेच्या डावीकडचा आणि उजवीकडचा मजकूर वेगवेगळा वाचा. दोन्ही आपापल्या पायावर उभे राहतात का? राहत असतील तर नुसत्या स्वल्पविरामाचा ऑप्शन बाद आणि काहीच चिन्ह नसलेलाही बाद. आता गंमत बघा. पूर्णविराम आणि अर्धविराम इथे सारखंच काम करतात, त्यामुळे बाकी शब्द तेच ठेवून हे दोन्ही वेगवेगळ्या ऑप्शनमध्ये आले असतील तर दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. म्हणजे दोन्ही चूक.

अपूर्णविरामाच्या आधी पूर्ण वाक्य हवं, नंतर काहीही चालतं. मधली जादा माहिती दोन स्वल्पविरामांत किंवा दोन डॅशमध्ये ठेवा, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते नको. 'इट्स' दोन प्रकारचे असतात. 'इट इज' किंवा 'इट हॅज' अशी फोड करून वाचता आलं तरच 'एस'च्या आधी ॲपॉस्ट्रॉफी, नाहीतर नको.

सहावी पायरी : 'अ' की 'ॲन'? देवनागरीत लिहून बघा

शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. आवर 'आ'ने, म्हणून 'ॲन आवर'. 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'ॲन एमएलए', 'अ वन-रुपी कॉइन', 'अ युरोपियन'. इंग्रजी स्पेलिंग बघून ठरवणारे जिथे चुकतात तिथे आपली लिपी एका सेकंदात उत्तर देते. 'द' कधी लावायचा हे मात्र इतकं सोपं नाही, तिथे सरावाशिवाय इलाज नाही.

सातवी पायरी : हॉलमध्ये

एरर स्पॉटिंगला ठरलेल्या क्रमाने तपासा: क्रियापद आणि कर्ता, मग काळ दाखवणारे शब्द, मग जोड्या, मग सर्वनाम, शेवटी शब्दयोगी आणि आर्टिकल. जोड्यांत 'नो सूनर'ला 'दॅन' आणि 'हार्डली'ला 'व्हेन' हे पाठ असू द्या. एवढं बघून चूक सापडली नाही तर 'नो एरर' टिक करा. पुष्कळ मुलांना हा ऑप्शन निवडणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं आणि ती ओढूनताणून आर्टिकलमध्ये चूक काढतात. 'नो एरर' हेही उत्तरच आहे.

अंदाजाने उत्तर द्यायचं का, याचं गणित परीक्षेगणिक वेगळं. सीईटी आणि एसएटीत एकही प्रश्न रिकामा सोडू नका. सीयूईटीत चार ऑप्शनपैकी डोळे झाकून एक निवडला तरी सरासरी अर्धा गुण पदरात पडतो, एक ऑप्शन बाद करता आला तर एक गुण. एनडीएत निव्वळ अंदाजाचा सरासरी फायदा शून्य, पण एक ऑप्शन खात्रीने बाद करता आला की फायदा सुरू होतो. त्यामुळे 'निगेटिव्ह आहे, सोडून दे' हा सरसकट सल्ला चुकीचा आहे.

कॉम्प्युटरवरच्या परीक्षांत अडलेला प्रश्न खूण करून पुढे जाता येतं. मात्र जाण्याआधी काहीतरी एक उत्तर निवडून ठेवा, परत यायला वेळ मिळेलच असं नाही. एनडीएचा पेपर ओएमआर शीटवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, असतो, तिथे प्रश्न सोडला तर गोल मोजताना एक ओळ सरकते. दर दहा प्रश्नांनी नंबर जुळवून बघा.

आठवी पायरी : घरचा सराव

कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास लावा किंवा लावू नका, दोन गोष्टी फुकट मिळतात. एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या वेबसाइटवर आहेत, आणि एसएटीच्या सराव परीक्षा ब्लूबुक ॲपवर. सीईटी देणाऱ्यांनीही एनडीएचे एरर स्पॉटिंगचे प्रश्न सोडवावेत. बाजारातल्या गाइडमधल्या प्रश्नांपेक्षा ते नेटके असतात, आणि गाइडच्या उत्तरसूचीत चुका असतात त्या वेगळ्याच.

वहीच्या पानाचे उभे दोन भाग करा. चुकलेलं प्रत्येक वाक्य मराठीत म्हणून बघा. मराठीने बरोबर उत्तर दिलं असतं तर डावीकडे, मराठीनेच फसवलं तर उजवीकडे. पंधरवड्यात उजवी बाजू चार-पाच प्रकारांवर येऊन थांबते असं मी बहुतेकांच्या वहीत पाहिलं आहे. कोणाचं 'सिन्स-फॉर', कोणाचं 'हॅड', कोणाचं 'अनटिल'. परीक्षेच्या आदल्या दिवशी तेवढं एकच पान वाचायचं.

वाचनासाठी १८५० सालापासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठाजवळ राहणाऱ्यांना तिथलं ग्रंथालय आहे. इंग्रजी पेपरातला एकच अग्रलेख घ्या आणि प्रत्येक वाक्यातलं मुख्य क्रियापद व त्याचा कर्ता पेन्सिलीने वहीत उतरवा. पेपर वाचनालयाचा आहे, त्याच्यावर रेघा नकोत. अर्थ सगळा कळला नाही तरी चालेल, दहा वाक्यांतले कर्ते बरोबर सापडले तर तो दिवस सार्थकी.

परीक्षा झाल्यावर तात्पुरती उत्तरसूची येते. व्याकरणाच्या प्रश्नांत दोन उत्तरं ग्राह्य ठरू शकतील अशी वाक्यं अधूनमधून निसटतात. सीयूईटीत हरकत घ्यायला प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत, म्हणून 'मला बरोबर वाटतंय' एवढ्यावर पैसे घालू नका. मान्यताप्राप्त व्याकरणाच्या पुस्तकातलं पान आणि शब्दकोशातली नोंद हाताशी असेल तरच हरकत टाका, आणि मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, तेव्हा उत्तरसूची आली त्याच दिवशी ती उघडा.